निःशस्त्रीकरण: वचनाकडून पडताळणीकडे

निःशस्त्रीकरणाचा इतिहास सहसा करारांच्या तारखांनी सांगितला जातो. परंतु कोणता करार टिकला आणि कोणता कागदावरच राहिला, हे बव्हंशी एकाच गोष्टीवर ठरत आले आहे. सही करणारा देश शब्द पाळतो की नाही, हे आत जाऊन पाहण्याचा अधिकार कोणाला होता?

१८९९ च्या हेग परिषदेत विषारी वायू पसरवणारे तोफगोळे न वापरण्याचे अनेक राष्ट्रांनी मान्य केले. तरीही २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, आणि तो तोफगोळ्यांऐवजी नळकांड्यांतून सोडल्यामुळे कराराचा शब्द मोडलाच नाही, असे म्हणायलाही वाव राहिला. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने अशा अस्त्रांच्या वापरावर बंदी घातली, पण उत्पादनाला आणि साठ्याला हात लावला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाची १९३२ ची निःशस्त्रीकरण परिषद पुढच्याच वर्षी जर्मनी बाहेर पडल्यावर निष्फळ ठरली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी संमत केलेला पहिलाच ठराव अणुशक्तीविषयी होता आणि त्यात तपासणीचा स्पष्ट उल्लेख होता. त्यासाठी कायमची यंत्रणा मात्र १९५७ मध्ये, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या रूपाने आली. १९७० मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने अण्वस्त्रे नसलेल्या सदस्य देशांवर तिची तपासणी बंधनकारक केली. पाच अण्वस्त्रधारी देशांना मात्र निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करण्याचे कलम पुरले. ही विषमता न्याय्य नव्हती, आणि तिच्याबद्दलचा असंतोष आजही योग्यच आहे.

तपासणीची पद्धतही ठेचा खात बदलली. सुरुवातीला निरीक्षक मुख्यतः देशांनी स्वतः जाहीर केलेली केंद्रेच पाहत. १९९१ च्या युद्धानंतर इराकचा छुपा अणुकार्यक्रम उघड झाला, तेव्हा या मर्यादेची किंमत कळली आणि १९९७ मध्ये अधिक व्यापक अधिकार देणारा अतिरिक्त प्रोटोकॉल तयार झाला. आता निरीक्षक भिंती आणि यंत्रे सुती कापडाने पुसून नमुने घेतात. त्यांतील युरेनियमचे सूक्ष्म कणदेखील तेथे पूर्वी काय चालले होते हे सांगू शकतात.

जैविक आणि रासायनिक अस्त्रांची तुलना याहून बोलकी आहे. १९७२ च्या जैविक अस्त्र करारात पडताळणीची व्यवस्थाच नव्हती, आणि त्यावर सही करूनही सोव्हिएत संघाने प्रचंड गुप्त कार्यक्रम चालवला. याउलट १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्र करारासोबत हेग येथे स्वतंत्र संघटना उभी राहिली. अस्त्रे नष्ट होत असताना तिचे निरीक्षक प्रत्यक्ष हजर असत, आणि सदस्य देशांनी जाहीर केलेला सुमारे ७२ हजार टनांचा साठा जुलै २०२३ पर्यंत नष्ट झाला. सीरियाने दाखवून दिले की जाहीर न केलेल्या साठ्याचा धोका यानेही संपत नाही. तरी इतके ठोस यश या क्षेत्रात दुसरे क्वचितच सापडेल.

१९९६ चा सर्वंकष अणुचाचणी बंदी करार अजून अमलात आलेला नाही, तरी त्याचे निरीक्षण जाळे काम करते. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियाने केलेल्या पहिल्या चाचणीचे धक्के भूकंपमापकांनी टिपले, आणि सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातील यलोनाइफ येथील केंद्राला हवेत किरणोत्सारी झेनॉन, म्हणजे अणुस्फोटात तयार होणारा वायू, आढळला. घटनास्थळी जाऊन पाहणी करण्याचे त्या करारातील कलम मात्र करार अमलात येईपर्यंत वापरता येत नाही, आणि त्यासाठी अमेरिका, चीन, रशिया, भारत, पाकिस्तान यांच्यासह नऊ देशांचे अनुसमर्थन (सहीनंतरची अंतिम मंजुरी) बाकी आहे.