पाण्याचा दिवस आणि रस्सीखेचेचा दोर

आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असला की पहाटे चारपासून कुणी झोपत नाही. सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, नळाला रोज पाणी येणं आपल्याकडं नाहीच, त्यामुळे चावी सुटली रे सुटली की घागरी, कळश्या, पाइप सगळं रस्त्यावर. समोरची तेलुगू बोलणारी अक्का, बाजूची खाला, कोपऱ्यावरची कन्नड बोलणारी अव्वा आणि आम्ही. भांडणंही ठरलेली, कुणी मोटर लावली म्हणून, कुणाचा हौद भरला तरी पाइप काढला नाही म्हणून, आणि एकदा तापलं की "तुमची लोकं अशीच" इथपर्यंत जातं, मग भाषा, जात, धर्म सगळं त्या पाइपातनं बाहेर पडतं.

मागच्या उन्हाळ्यात ऐन पाण्याच्या दिवशी गल्लीच्या तोंडाला पाइप फुटला. पाणी गटारात चाललं. खालाचा पोरगा प्लंबिंगचं काम करतो, तो खड्ड्यात उतरला, अक्कानं सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या दिल्या, पण वरनं पाणी बंद करायची जुनी चावी कुठं गाडली गेलीय ते एकाही तरण्या माणसाला माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त अव्वाला. ती काठी टेकत आली, कन्नडमधनं सांगायला लागली आणि तिची नात मराठीत, "आजी म्हणती फरशीच्या खाली, चार बोटं डावीकडं." सापडली. त्या दिवशी पाणी सगळ्यांना कमीच मिळालं, तरी भांडण झालं नाही, आणि मला १९५४ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाची आठवण झाली.

ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं अकरा-बारा वर्षांच्या २२ पोरांचा कॅम्प भरवला. दोन गट केले, त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा बक्षिसाच्या स्पर्धा लावल्या, आणि काही दिवसांत पोरांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाड घातली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग नाही, जेवण एकमेकांच्या अंगावर फेकलं. बदल सुरू झाला तो कॅम्पचं पाणी बंद पडल्यावर (संशोधकांनीच मुद्दाम पाडलं होतं). टाकीपासून लाइन तपासायची तर सगळीच पोरं लागणार होती. पुढं जेवण आणणारा ट्रक बंद पडला तेव्हा तो ओढायला दोर कुठला वापरला? रस्सीखेचेचाच. आधी एकमेकांविरुद्ध ओढलेला दोर, आता सगळे एकाच बाजूनं ओढतायत. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की पोरं तीच होती, दोर पण तोच होता, मांडणी तेवढी बदलली.

अर्थात ती सगळी एकसारख्या घरातली गोरी पोरं होती, खऱ्या समाजात असं नसतं. म्हणून त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या अटी जास्त कामाच्या आहेत, वेगळ्या गटातली माणसं भेटल्यावर मनातला भेद कधी कमी होतो त्याच्या. भेटणाऱ्यांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम एकमेकांच्या मदतीनं करायचं हवं आणि वरच्या माणसांचा, कायद्याचा त्याला पाठिंबा हवा. मोलकरीण रोज घरात येते म्हणून मालकिणीच्या मनातला भेद जात नाही, कारण पहिलीच अट मोडलेली असते. पुढं २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी अशा भेटीगाठींवरचे ५१५ अभ्यास एकत्र तपासले, बहुतेकांत संपर्कानं पूर्वग्रह कमी झालेला दिसला, आणि तो नुसता वंशाबद्दलचा नाही, म्हातारी माणसं, अपंग, मानसिक आजार असलेले लोक यांच्याबद्दलचाही.

आपल्या जवळचा प्रयोग उत्तर प्रदेशातला. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं तिथं क्रिकेटच्या लीग भरवल्या, १,२६१ तरुण निवडले, त्यातले ८०० खेळवले, बाकीचे तुलनेसाठी बाहेर ठेवले, कोण कुणाच्या टीममध्ये ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं, काही टीम एकाच जातीच्या, काही मिसळलेल्या. एका टीममध्ये खेळलेल्यांच्यात जातीपलीकडच्या दोस्त्या वाढल्या, बक्षीस कुणाला द्यायचं त्या मतदानात आपल्या जातवाल्याकडं झुकणंही कमी झालं. पण दुसऱ्या जातीचे लोक जे फक्त समोरच्या टीममध्ये भेटले, त्यांच्या बाबतीत फायदा नाही, काही ठिकाणी उलट तोटाच. मैदान एकच होतं! म्हणजे लोकांना नुसतं एका जागी आणून भागत नाही, ती एकाच बाजूला आहेत की समोरासमोर ते बघावं लागतं, आणि टंचाई माणसाला समोरासमोरच उभी करते.

मग गल्लीतनं देशापर्यंत कसं जायचं, तर इथं विज्ञान सावध आहे. सल्मा मूसा या संशोधक बाईंनी इराकमध्ये ख्रिश्चन फुटबॉल टीममध्ये मुस्लिम खेळाडू घातले, २०२० मध्ये निष्कर्ष छापले. टीममधल्या आणि लीगमधल्या मुस्लिमांशी वागणं सुधारलं, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. म्हणून एक गल्ली पुरत नाही, शाळेचे बाक, वसतिगृहं, कारखाने, रेशनची रांगसुद्धा, अशा हजार जागी ही मांडणी लागते असं मला मनापासून वाटतं, कारण दिल्लीत २००७ नंतर महागड्या खासगी शाळांत गरीब मुलांना जागा राखल्या तेव्हा श्रीमंत मुलांचं वागणं जास्त उदार झालेलं अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांच्या अभ्यासात दिसलं.

शाळेत आपण सगळे रोज म्हणायचो, सारे भारतीय माझे बांधव आहेत. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. अक्काला हे सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, "खरंच आमच्या भाषेतली?" आणि मग नातवाला हाक मारून परत सांगायला लावलं.

त्या फरशीवर आता पोरांनी लाल पेंटनं बाण काढलाय. अव्वाला दाखवायला नेलं तर म्हणाली, बाण दोन बोटं चुकलाय. परत काढला.