समारिट-एम लेन्समालिका

समारिट-एम ही जर्मनीतील लायका कंपनीने आपल्या एम रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी (ज्यांत वेगळ्या खिडकीतून पाहून, दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस साधतात) २००७ मध्ये बाजारात आणलेली, तुलनेने कमी किमतीच्या लेन्सची मालिका होय. तीत ३५, ५०, ७५ आणि ९० मिलिमीटर अशा चार लेन्स होत्या व चारही लेन्सचे कमाल अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/२.५ होते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). उंची वस्तूंच्या निर्मात्याने स्वस्त मालिका काढावी की नाही, या वादात तिचा दाखला उद्बोधक ठरतो.

लायकाच्या लेन्सची किंमत मुख्यतः अ‍ॅपर्चरबरोबर चढत जाते. एफ/२ ची समिक्रॉन, एफ/१.४ ची समिलक्स आणि त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरची नॉक्टिलक्स अशी ही चढण आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ साठी २५ मिलिमीटर व्यासाचे प्रवेशछिद्र लागते, तर एफ/२.५ साठी २० मिलिमीटर पुरते. काच लहान होते आणि कडेने येणाऱ्या किरणांचे दोष काढण्यासाठी अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार वक्रतेपासून मुद्दाम वेगळा ठेवलेला) पृष्ठभाग किंवा दुर्मीळ काच वापरण्याची निकड कमी होते. समारिटमधील बचत प्रामुख्याने इथे झाली. चित्राच्या स्पष्टतेत या लेन्स कमी पडल्या नाहीत, आणि आकाराने आटोपशीर असल्यामुळे रेंजफाइंडरवर त्या शोभूनही दिसत.

अडचण गुणवत्तेपेक्षा बाजारातील जागेची होती. एम माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याची जोडणी, १९५४ पासून बदललेला नाही. त्यामुळे नव्या स्वस्त लेन्सला पहिली स्पर्धा लायकाच्याच जुन्या, वापरलेल्या समिक्रॉनची असते. दुसरीकडे जपानच्या कोसिना कंपनीच्या फोइग्टलेंडर लेन्स त्याच माउंटवर बसतात आणि समारिटपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. ज्याला पैसे वाचवायचे होते त्याला समारिट महाग वाटे, आणि ज्याला लायकाच हवी होती तो थोडे थांबून समिक्रॉन घेई. २०१४ मध्ये मालिकेला नवे रूप देऊन अ‍ॅपर्चर एफ/२.४ करण्यात आले आणि ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये अ‍ॅस्फेरिकल पृष्ठभागही आला. प्रकाशातील वाढ मात्र जेमतेम आठ टक्क्यांची, म्हणजे नावापुरतीच होती. पुढे ही मालिका बंद झाली.

कंपनीचा हा पहिला प्रयोग नव्हता. १९७३ मध्ये मिनोल्टाच्या सहकार्याने आलेल्या लायका सीएल या छोट्या कॅमेऱ्याबरोबर ४० मिलिमीटर समिक्रॉन-सी आणि ९० मिलिमीटर एल्मार-सी या लेन्स देण्यात आल्या होत्या. सीएलला गिऱ्हाईक मिळाले, परंतु त्याने कंपनीच्याच महागड्या एम५ कॅमेऱ्याचा खप खाल्ला, असे सामान्यतः मानले जाते. स्वस्त मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप, ‘नावाला बट्टा लागतो’ हा, त्यापुढे दुय्यम वाटतो. घरातल्या घरात होणारी ही ओढाताण अधिक खरी आहे.

एसएल या ऑटोफोकस कॅमेऱ्यांसाठी लायकाने २०२३ मध्ये ३५ आणि ५० मिलिमीटरच्या साध्या समिक्रॉन-एसएल लेन्स आणल्या, त्यांची किंमत त्याच मालिकेतील अपो-समिक्रॉनच्या (रंगदोष अतिकाटेकोरपणे काढलेल्या लेन्सच्या) निम्म्याहून कमी ठेवली. इथे अ‍ॅपर्चर तेच, म्हणजे एफ/२ राहिले आणि काटछाट रंगदोषाच्या अतिकाटेकोर सुधारणेत व बांधणीत झाली. एसएलसाठी जुन्या, वापरलेल्या लेन्सचा दशकानुदशके साचलेला साठा बाजारात नाही, हाही समारिटच्या तुलनेत मोठा फरक आहे. मात्र एसएलच्याच एल-माउंट या जोडणीवर सिग्मा आणि पॅनासॉनिकच्या लेन्स बसत असल्याने खालच्या बाजूची स्पर्धा इथेही सुटलेली नाही.