गरोदरपणातलं वजन आणि व्यायाम: बीएमआय 23 की 25, हा घोळ कुठून आला

खान्देशात बाई दोन जिवांची झाली की ताटात तूप वाढतं अन् हातातलं काम काढून घेतात. आपल्या आज्या दिवस भरत आले तरी कापूस वेचत होत्या, निंदायला जात होत्या, अंगावर मांस नव्हतं, त्यांना "जरा बस वं माय" म्हणणं बरोबरच होतं. पण तोच सल्ला जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमधल्या, आधीच वजन जास्त असलेल्या सुनेलाही जसाच्या तसा लागला.

त्याला डॉक्टरी आधारही मिळाला. 1985 साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम 15 मिनिटांच्या वर नको. 1994 ला त्यांनीच ठोक्यांची अट काढून टाकली, पण तोवर भीती घराघरात मुरली होती. आता आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, म्हणजे चालताना बोलता यावं इतपत. रक्तस्राव किंवा वार (प्लासेंटा) खाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचंच.

खरा गुंता वजनाचा आहे. किती वाढू द्यायचं हे बाईच्या आधीच्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ठरवायचं, असं 1990 ला अमेरिकेत ठरलं आणि 2009 ला आकडे बदलले: 18.5 ते 24.9 असेल तर 11.5 ते 16 किलो, 25 ते 29.9 ला 7 ते 11.5, 30 च्या वर 5 ते 9. पण त्याच 2009 साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवलं की भारतीय माणसाला 23 पासूनच ओव्हरवेट धरायचं आणि 25 पासून लठ्ठ, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. आता 155 सेंटिमीटर उंचीची, 58 किलोची बाई घ्या, बीएमआय 24 च्या थोडं वर. अमेरिकेच्या तक्त्यात ती नॉर्मल, 16 किलो वाढलं तरी चालेल, आपल्या रेषेने ती ओव्हरवेट, मग तिला 11.5 च्या आतच थांबवायचं का? वाढीचे आकडे 25 ची रेषा धरून बेतलेले, 23 ची रेषा मधुमेह-हृदयरोगाच्या धोक्यासाठी आखलेली, दोन्ही एकत्र शिवायला गेलं की उसवतंच. मला विचाराल तर आपल्याकडच्या बाईला 23 लाच सावध करावं, घरात मधुमेह असेल तर नक्कीच. आणि सावध करणं म्हणजे उपाशी ठेवणं नाही, गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, वाढीचा वेग आटोक्यात ठेवायचा असतो.

आपल्या सरकारी मार्गदर्शनात सगळ्यांना सरसकट 9 ते 11 किलो, पहिले तीन महिने गेले की महिन्याला साधारण 2. सोपं आहे, पण त्यात बारीक आणि जाड एकाच मापात. शिवाय कित्येकींचं आधीचं वजन माहीतच नसतं, काट्यावर पहिल्यांदा उभं राहायचं ते चौथ्या महिन्यात, मग तेव्हा तपासणीच्या कार्डावर लिहिलेला आकडाच आधीचा धरतात.

नंतर मोठे अभ्यास झाले. आहार-व्यायामाने वजनवाढ सरासरी 700 ग्रॅमनेच कमी झाली, ऐकायला किरकोळ वाटतं, पण सिझेरियनचं प्रमाणही थोडं घटलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा चालायचं ते उन्हं चढायच्या आत, जळगावच्या मेहरूण तलावाकाठी नाहीतर गच्चीवर, पाण्याची बाटली हातात घेऊन.