आईबाबांचं सिम बदलताना अर्ज नेमका कुठे अडतो

गणपतींचं विसर्जन झालं की मुंबईचे चाकरमानी गाडी पकडायच्या आधी एक काम उरकायला बाजारात येतात: आईचं किंवा बाबांचं सिम बदलायचं. घरात रेंज नाही, रिचार्ज महाग पडतो, फोन लागत नाही, कारण काहीही असो. त्यातले बरेच जण रिकाम्या हाताने परत जातात आणि पुढची खेप मग शिमग्याला. वाडीतल्या वयस्कर माणसांना घेऊन मी या दुकानांत बऱ्याच खेपा घातल्या आहेत. अर्ज परत येण्याची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेक घरबसल्या आधीच पाहून घेता येण्यासारखी आहेत.

एक गैरसमज आधी दूर करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारने ठरवून दिलेला वेगळा मोबाइल प्लॅन नाही. त्यामुळे वयाचा दाखला किंवा ज्येष्ठ नागरिक कार्ड इथे लागत नाही. ‘साठीपुढच्यांना मोफत रिचार्ज’ असा मेसेज आणि खाली लिंक आली तर ती उघडू नका, आणि आईबाबांनाही बजावून ठेवा.

सिम कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. फोन आजी वापरतात, पण सिम आजोबांच्या नावावर, आणि आजोबा तीन वर्षांपूर्वी गेलेले. दुकानदार सांगतो, ‘ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा.’ हे वाक्य ऐकून दुकानाच्या पायरीवर बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याच नंबरवर पेन्शनच्या बँकेचा ओटीपी येत असतो, म्हणून नंबर सोडूनही देता येत नाही.

यावर मार्ग आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या किंवा कायदेशीर वारसाच्या नावावर नंबर करून मिळतो. मात्र हे काम कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात होत नाही, कंपनीच्या स्वतःच्या सेवा केंद्रात जावं लागतं. सोबत मृत्यूचा दाखला, आजींचं ओळखपत्र, नातं दाखवणारा कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत असू द्या. दाखला सहसा घरात असतो, अडकतं ते ना हरकतीपाशी. एक मुलगा विरारला, दुसरा पुण्याला, मुलगी सासरी. म्हणून सगळे गणपतीला घरी असतानाच सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती घेऊन ठेवा. केंद्रात जायच्या आधी फोन करून त्यांना नेमके कोणते कागद हवेत ते विचारून घ्या, कारण एका कागदासाठी परत पाठवलेल्या माणसाची एसटीची दुसरी फेरी कोणी भरून देत नाही.

नाव बदलायचा अर्ज चालू असताना पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, होत नाही. आधी नाव, मग कंपनी. दोन्ही एकदम करायला गेलात तर पोर्टचा अर्ज नाकारला जातो.

सिम मुलाच्या नावावर असेल तर मुलाने स्वतः यायला हवं. फोटो तिथल्या तिथे काढतात, त्यामुळे आधारची झेरॉक्स पाठवून भागत नाही. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर कळतं. ते एकदा बघाच. आपलं नसलेलं सिम आपल्या नावावर निघालं तर तिथेच कळवता येतं.

कागदपत्रं: एक आधार असूनही अडतं

१ जानेवारी २०२४ पासून सिमसाठी कागदी फॉर्म बंद झाले, सगळी पडताळणी मोबाइलवरूनच होते. छापील आधार दाखवलंत तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून माहिती घेतात. आता आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं आधार आठवा. दहा वर्षांपूर्वी लॅमिनेट केलेलं, पावसाळ्यात आतून ओल शिरलेलं, घडीवर नेमका तोच चौकोन झिजलेला. नंबर वाचता येतो, पण कोड स्कॅन होत नाही, आणि अर्ज तिथेच थांबतो. निघायच्या आधी घरच्या फोनवर कोड स्कॅन होतो का ते पाहा. होत नसेल तर नवी प्रत डाउनलोड करून छापून घ्या किंवा पोस्टाने पीव्हीसी कार्ड मागवा.

दुसरी अडचण अंगठ्याची. काजू सोलून, जांभा वाहून, आयुष्यभर शेतात राबून बोटांच्या रेषाच उरत नाहीत. काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी कशी सोलते हे सिंधुदुर्गातल्या बायकांना सांगायला नको. यंत्र चार वेळा नाही म्हणतं आणि दुकानदार वैतागून ‘यांचं होणार नाही’ म्हणून मोकळा होतो. होतं. अंगठ्याशिवायची पद्धत आहे: मूळ ओळखपत्राचा आणि माणसाचा प्रत्यक्ष फोटो घेऊन पडताळणी करायची. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने सिमसाठी आधार ऐच्छिक ठेवलं आहे. म्हणून मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी जे असेल ते मूळ प्रतीत सोबत न्या आणि ‘फोटोवर करा’ असं स्पष्ट सांगा. त्या दुकानात जमत नसेल तर कंपनीच्या केंद्रात जा.

अंगठा पुन्हा पुन्हा लावायला लागला तर प्रत्येक वेळी तो कशासाठी ते विचारा. एका ग्राहकाच्या अंगठ्यावर दोन सिम काढल्याचे प्रकार घडले आहेत. विचारायला संकोच करू नका.

ओटीपीसाठी हाताशी दुसरा चालू नंबर ठेवा. आधारवर मुंबईचा पत्ता असेल तर गावचा पत्ता आणि गावातल्या कोणाचा तरी नंबर विचारतात, तोही लिहून न्या.

पोर्ट करताना चुकणाऱ्या मुदती

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. इथवर सोपं आहे.

कोडची मुदत चार दिवसांची आहे. पूर्वी ती पंधरा दिवस होती आणि लोकांच्या डोक्यात अजून तेच पंधरा दिवस आहेत. त्यात पावसाने घाट बंद झाला किंवा एसटी चुकली की कोड बाद. म्हणून कोड आदल्या संध्याकाळी मागवा आणि सकाळी दुकान गाठा. पोर्टला सर्कलच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागाच्या, आत तीन आणि दुसऱ्या सर्कलमधून पाच कामाचे दिवस लागतात.

सर्कलचा घोळ कोकणात फार होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात, मुंबईचं सर्कल वेगळं आहे. निवृत्तीनंतर गावी आलेल्या बाबांचा नंबर मुंबईचा असेल तर तो पाच दिवसांतच धरा आणि तेवढी सुट्टी हाताशी ठेवा. उलट बांद्या-सावंतवाडीकडे गोव्यात घेतलेल्या सिमला ‘दुसऱ्या राज्याचं’ म्हणून परत पाठवतात. ते चूक आहे, सर्कल एकच आहे.

सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले नसतील तर कोड मिळत नाही. सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून नवं घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल तरीही अर्ज फिरतो. जुना बॅलन्स आणि उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून प्लॅन संपत आलेला असतानाच पोर्ट करा. बदली सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. पेन्शन काढायच्या दिवशी किंवा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवशी हे काम काढू नका.

मग प्लॅन कोणता?

आधी घरात कोणाची रेंज येते ते पाहा. कंपन्यांना आता वेबसाइटवर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, पण जांभ्याच्या जाड भिंतींआड, डोंगराच्या कुशीतल्या घरात काय होईल हे नकाशा सांगत नाही. पाहुण्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन माजघरात, पडवीत आणि जिथे आई रात्री झोपते तिथे उभं राहून पाहा. रात्री दोनला फोन लागायला हवा तो त्या खोलीत.

मग फोनकडे बघा. जुना साधा की-पॅडचा टूजी फोन असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाही. त्यासाठी फोरजीचा की-पॅड फोन घ्यावा लागतो. ही गोष्ट पोर्ट झाल्यावर कळली तर पुढचे ९० दिवस परतीचा रस्ता नाही.

नुसतं बोलायला फोन लागत असेल तर डेटाचे पैसे भरू नका. २३ डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या दुरुस्तीने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर देणं भाग पडलं आणि व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस झाली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना आणि ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांना, तर जिओने ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना असे प्लॅन आणले. दर बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी विचारा. बहुतेक दुकानदार हे प्लॅन आपणहून सांगत नाहीत, तेव्हा ‘डेटा नसलेला’ असं तोंडाने मागा. घरी वायफाय नसेल तर यावर व्हॉट्सअॅप चालणार नाही. नातवंडांना व्हिडिओ कॉलवर पाहायची सवय असलेल्या आजीला हा प्लॅन देऊन पैसे वाचवू नका.

मुदत वाचताना दिवस मोजा, महिने नकोत. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे, वर्षाला तेरा रिचार्ज होतात. ८४ दिवसांचे चार रिचार्ज मिळून ३३६ दिवस भरतात. ‘वर्षाचा मारलाय’ या भरवशावर मुलं निर्धास्त राहतात आणि अकरा महिन्यांनीच आईचा फोन बंद पडतो. वर्षाचाच हवा असेल तर ३६५ आकडा बघून घ्या आणि संपायची तारीख घरच्या कॅलेंडरवर व स्वतःच्या फोनमध्ये, दोन्हीकडे लिहा.

‘९० दिवस नंबर जात नाही’ हेही अर्धंच खरं आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद करतात, आणि २० रुपये बॅलन्स असेल तर तो कापून ३० दिवस वाढवतात. पण प्लॅन संपल्यावर येणारे कॉल त्याच्या फार आधी थांबतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, म्हणजे बँकेचे मेसेज परक्या माणसाकडे जातात.

फोनमध्ये दोन सिमची जागा असेल तर दुसरं वेगळ्या कंपनीचं ठेवा, स्वस्तातलं का होईना. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस फोन मुके होते, आणि एखादा टॉवर सुरू झाला की अख्खी वाडी त्या कंपनीच्या सिमवाल्याच्या दारात उभी राहायची.

अर्ज नाकारला तर कारण विचारल्याशिवाय दुकान सोडू नका. पोर्ट नाकारल्याचं कारण एसएमएसने येतं, तो पुसू नका. न मागता चालू झालेल्या कॉलर ट्यूनसारख्या सेवा १५५२२३ वर बंद करता येतात. बाकी तक्रार १९८ या मोफत नंबरवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तो न मागितल्यामुळे पुढे काहीच करता न आलेले अनेक जण माझ्या माहितीत आहेत. तक्रार मुदतीत सुटली नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि अपिलाला पैसे लागत नाहीत.