मनगटी नाडीमापक आणि स्थूल तरुणांचा व्यायाम

स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड मनगटावर बांधून व्यायामाच्या वेळी हृदयाचे ठोके मोजण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी तरुणांत ती आता सर्रास दिसते. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे चालणारे, राजहंसगडाची चढण चढणारे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात भरतीसाठी वजन उतरवू पाहणारे असे अनेक जण घड्याळातला आकडा बघून वेग ठरवतात. अंगाने जाड असलेल्यांच्या बाबतीत मात्र हा आकडा चुकण्याची शक्यता अधिक असते, आणि ती जोराच्या व्यायामात वाढते.

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी सूक्ष्म वाहिन्यांतले रक्त वाढते व परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हिरवा प्रकाश त्वचेत फार खोल शिरत नाही. स्थूलतेत त्वचेची जाडी आणि तिच्यातला रक्तप्रवाह बदलतो, त्यामुळे मुळातच क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो. त्यात हात हलला, पट्टा सैल असला की गोंगाट (संकेतात मिसळणारा अडथळा) संकेतावर मात करतो. धावताना तर घड्याळ कधी पावलांचीच लय पकडते: हृदय मिनिटाला १४० ठोके देत असले तरी पडद्यावर पावलांचे १६५ दिसू शकतात. हा दोष सर्वांत फसवा, कारण आकडा स्थिर आणि खरा वाटतो.

तालमीतल्या जोर-बैठकांत अडचण वेगळी. जोर काढताना मनगट मागे वळते, स्नायू आवळतात, घड्याळ त्वचेवरून उचलले जाते. मनगटावरचा गंडा किंवा गोंदण घड्याळाखाली आले तरी प्रकाश अडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे हातांतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, म्हणून सुरुवातीची काही मिनिटे आकडा भरवशाचा नसतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली. सातपैकी सहांची ठोक्यांतील चूक साधारण ५ टक्क्यांच्या आत होती. शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) जास्त असलेल्यांत आणि चालताना ती वाढली. सावळ्या त्वचेचाही परिणाम त्या चाचणीत दिसला, पण ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील ५३ जणांच्या अभ्यासात त्वचेच्या रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होती. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा तर सोडूनच द्यावा: स्टॅनफर्डच्या चाचणीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. त्या आकड्यावर विसंबून जेवणाचे माप ठरवणाऱ्या मुलामुलींचे खरे नुकसान होते.

भारतीयांसाठी निर्देशांक २३ पासून वजन जास्त व २५ पासून स्थूलता धरतात. १७० सेंमी उंचीला हे अनुक्रमे सुमारे ६६.५ व ७२ किलो होतात. म्हणजे स्वतःला जाड न समजणारे अनेक जण या चर्चेत येतात. दुसरी चूक सूत्राची. '२२० वजा वय' या हिशेबाने वीस वर्षांच्या तरुणाचे कमाल ठोके २०० ठरतात, तर २००१ मधील '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' या सूत्राने १९४. प्रत्यक्षात व्यक्तीव्यक्तीत १० ठोक्यांचा फरक सहज असतो. मध्यम व्यायाम कमाल ठोक्यांच्या ६४ ते ७६ टक्क्यांत मानतात. चुकीचे माप आणि ढोबळ सूत्र एकत्र आले की ही टक्केवारी निरर्थक होते.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत थेट टिपतो, म्हणून तो अधिक विश्वासार्ह आहे. त्याचे संवेदक पाण्याने ओले करून छातीखाली घट्ट बसवावे लागतात. जाड अंगावर पट्टा गुंडाळून सरकतो, तेवढी काळजी घ्यावी. घड्याळच वापरायचे असेल तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट पण टोचणार नाही असे बांधावे. खात्रीसाठी थांबल्याबरोबर अंगठ्याच्या बाजूची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावी. उशीर झाला तर ठोके झपाट्याने उतरतात. बोलता येते पण गाता येत नाही इतपत दम लागला, तर व्यायाम मध्यम आहे असे धरता येते. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर घड्याळ काहीही दाखवो, थांबून डॉक्टरांकडे जावे.