सोलापुरातून फुग्याला कॅमेरा बांधून वर सोडायचाय? मग परवानगीची फाईल आधी करा

मोठा लॅटेक्सचा फुगा, खाली थर्माकोलच्या डब्यात जुना अ‍ॅक्शन कॅमेरा, आणि २५-३० किलोमीटरवरून काळं आकाश नि पृथ्वीची गोलाई. कॉलेजच्या पोरांना हे कमी पैशात जमतं, एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो एवढा हिशोब आला की सामानाचं काही अवघड नाही. अडतं ते कागदावर, आणि कागद नंतर बघू म्हटलं की फुगा कपाटातच राहतो.

सगळ्यात जास्त ऐकलेलं म्हणजे, "सर याला मोटर नाही, ड्रोन नाही, मग परवानगी कशाला?" तर १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या आहे त्यातच फुगा येतो, बांधलेला असो नाहीतर मोकळा, पतंगसुद्धा येतो. त्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आलाय, पण म्हणून फुगा मोकळा सुटलेला नाही. ड्रोनच्या नकाशातला ग्रीन झोन (जिथे ड्रोनला आधी परवानगी लागत नाही तो भाग) बघून खूश होऊ नका, तो ४०० फुटांपर्यंतचा आणि ड्रोनसाठीचा आहे, आपला डबा तर विमानांच्या वाटेतून वर जाणार. त्यात होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालीत, त्यामुळे शहरातून सोडायचा विचारच नको.

अर्ज कोणी करायचा? माझं ऐकाल तर एकट्याच्या नावाने करू नका. कॉलेज किंवा संस्थेच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने करा, कारण समोरच्याला जबाबदार कोण हे आधी कळायला हवं असतं. मूळ अर्ज डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), सोबत विमानतळ प्राधिकरणाच्या एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष), जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलिसांना प्रत. जागा शहर हद्दीत असेल तर पोलीस आयुक्त, तालुक्यात असेल तर ग्रामीण एसपी. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्याची पोच घ्या, आणि पोच म्हणजे परवानगी नव्हे हे पोरांना नीट समजावून सांगा. संरक्षण खात्याकडेही फाईल जाऊ शकते, म्हणून तीन-चार महिने हातात ठेवा.

वजनाचं मात्र नीट बघा. आंतरराष्ट्रीय नियमात माणूस नसलेल्या मोकळ्या फुग्यांचे तीन वर्ग आहेत, फुग्याखालचं एकूण सामान ४ किलोच्या आत असेल तर लाईट, ४ ते ६ मिडीयम, ६ च्या पुढे हेवी. पण एकच पाकीट ३ किलोचं झालं तरी तो हेवीतच जातो. आम्ही एका किराणा दुकानातल्या काट्यावर डबा ठेवला तेव्हा ८१२ ग्रॅम भरला, मग चिकटपट्टी, दोरी, लेबल लावून परत ठेवला तर ८६१. अर्जात हा शेवटचा आकडा लिहायचा, आणि पॅराशूट वेगळं मोजायचं.

आमचा पहिला अर्ज परत आला, कारण जागा म्हणून आम्ही नुसतं "मोहोळजवळ" लिहिलं होतं. नंतर कळलं की अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंदात पाहिजेत, वेळ भारतीय आणि यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दोन्ही पाहिजे (सकाळचे ७ म्हणजे यूटीसी ०१:३०), शिवाय फुग्याचा रंग, गॅस, वर चढायचा वेग, फुटायची अंदाजे उंची, १८,००० मीटर कधी ओलांडेल, कुठे पडेल आणि त्या दिवशी उचलला जाणारा फोन नंबर. यासोबत अर्जदाराचं ओळखपत्र, सुटं सामान दाखवणारे फोटो, नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र आणि शेतमालकाची संमती जोडा. सातबारा काढला तर त्यावर तीन भावांची नावं होती, त्यामुळे तिघांच्या सह्या लागल्या आणि त्यातला एक पुण्याला, आठवडा तिथेच गेला बघा.

ट्रॅकरचं, म्हणजे डबा कुठे आहे ते कळवणाऱ्या यंत्राचं, जीव तोडून सांगतो, परदेशी व्हिडिओत दाखवतात तो सॅटेलाईट ट्रॅकर मागवू नका, आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगणंच गुन्ह्यात बसतं. मोबाईलवरही भरवसा नको, वर गेल्यावर रेंज जाते. हॅम रेडिओचं (हौशी लोकांसाठीचा बिनतारी रेडिओ) लायसन काढा, वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षा देता येते, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. नाहीतर ८६५ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातला लोरा मॉड्यूल (थोडी माहिती लांबवर पाठवणारं छोटं रेडिओ यंत्र) घ्या, पण त्याची ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाची उपकरण मंजुरी, आहे का बघून, आणि त्याचा कागद फाईलला लावा. जीपीएस घेताना १८ किलोमीटरच्या वर चालतो का तेही विचारा, बरेच तिथेच आकडे द्यायचे थांबतात.

तारीख निवडताना वाऱ्याकडे बघा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे मोहोळचा फुगा अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात जाऊ शकतो, आणि बिदरला हवाई दलाचा तळ आहे. म्हणून अर्जातच अंदाजे मार्गाचा नकाशा द्या आणि कलबुर्गीच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही पत्र पाठवा. इकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्यात डबा पडला तर वन खात्याला सांगितल्याशिवाय आत जायचं नाही.

परवानगी आली की तिची मुदत आणि नोटॅमची (वैमानिकांसाठी काढलेली सूचना) वेळ जुळते का ते बघा, सोडायच्या आधी एटीसीला फोन, पडल्यावर परत फोन. आणि डब्याच्या चारही बाजूंना मराठी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवा: शाळा-कॉलेजचा प्रयोग, आत कॅमेरा आहे, धोका नाही, या नंबरवर कळवा.