भौतिकशास्त्र की भूशास्त्र? पुण्यातून भूभौतिकीकडे जाणाऱ्या वाटांची पार्श्वभूमी

पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या ज्या मोजक्या विद्यार्थ्यांना भूभौतिकीकडे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या साधनांनी पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करण्याकडे, वळायचे असते, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: या विषयाकडे भौतिकशास्त्रातून जावे की भूशास्त्रातून? प्रश्न आजचा वाटला तरी त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे, कारण आपल्याकडे हा विषय दोन वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या दारांतून आत आला. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले मोठे काम दगडी कोळसा शोधण्याचे होते आणि ते भूशास्त्रज्ञांकडे होते. भूचुंबकत्वाची मोजमापे आणि भूकंपाच्या नोंदी मात्र पुढे १८७५ मध्ये उभ्या राहिलेल्या हवामान खात्याकडे गेल्या, आणि तिथे भौतिकशास्त्र शिकलेली माणसे होती.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, आणि दोन्ही ठिकाणची मोजमापे जुळावीत म्हणून सुमारे दोन वर्षे ती समांतर घेतली गेली. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’ चौकातून रोज जाणाऱ्या अनेकांना त्या नावामागे हे स्थलांतर आहे याची कल्पनाही नसते.

पुण्याच्या परिसरात या विषयाची खरी गरज निर्माण केली ती धरणांनी. १९१६ पासून चालत आलेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेचा भर मुख्यतः पाण्याच्या प्रवाहावर होता. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त आहे, असे तेव्हा मानले जाई. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर कोयनेच्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आणि जलाशयामुळे भूकंप उद्भवू शकतो का, या प्रश्नासाठी कोयनेचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले. त्यानंतर धरणाभोवती भूकंपमापकांचे जाळे उभे राहिले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पठार निर्धास्त नाही हा धडा किल्लारीच्या भूकंपाने अधिक क्रूरपणे दिला. कोयना परिसरात गोठणे येथे पुढे तीन किलोमीटर खोलीचे वेधन झाले आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आली. आज एखाद्या विद्यार्थ्याला भूकंपशास्त्रात पीएचडी करायची असेल, तर जगाला हेवा वाटावा असा विषय पुण्याहून काही तासांच्या अंतरावर आहे.

दुसरी गरज पाण्याची होती. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीच राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, आणि पाणाड्याच्या हातातल्या नारळाशेजारी जमिनीचा विद्युतरोध मोजणारा रेझिस्टिव्हिटी मीटर येऊन बसला. ही तपासणी पाहण्यासारखी असते. एका सरळ रेषेत चार लोखंडी सळया ठोकतात, जमीन कोरडी असेल तर बुडाशी पाणी ओततात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळया जसजशा लांब नेल्या जातात तसतशी खोलवरची माहिती मिळते. सलग काळा पाषाण विजेला जोराने अडवतो, तर भिजलेला मुरूम आणि भेगाळलेला खडक तिला वाट देतात. मात्र ओलसर गेरूचा थरही वीज सहज जाऊ देतो आणि त्यात विहिरीला पुरेल असे पाणी क्वचितच असते, म्हणून केवळ आकड्यांवर बोअर घेणारा फसतो.

नोकऱ्यांची सर्वांत मोठी लाट तेलाने आणली, ती मात्र पुण्याच्या बाहेर. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले आणि जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परतण्यावरून खालच्या थरांचे चित्र काढणाऱ्यांना, म्हणजे सिस्मिक सर्वेक्षण करणाऱ्यांना, मागणी आली. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, येथे या विद्येला फारसा वाव दिला नाही, कारण लाव्ह्याचे एकावर एक थर ध्वनिलहरी परतवतात आणि विखुरतात, त्यामुळे खालच्या गाळाच्या खडकांचे चित्र धूसर येते. पुण्याचा तेलाशी संबंध आला तो संगणकामार्फत. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० तयार केला, आणि सिस्मिक माहितीवरील प्रक्रिया हे अशा महासंगणकांचे एक ठरलेले काम झाले.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचा विद्यार्थी आजही बहुधा बाहेरच जातो. मुंबई, खरगपूर, रुरकी व धनबादच्या आयआयटी, वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया आणि विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ ही नेहमीची ठिकाणे आहेत. जुन्या दोन दारांची खूण भरतीतही टिकून आहे: संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत भूभौतिकीतज्ज्ञाच्या पदासाठी भौतिकशास्त्रातील एमएस्सीही चालते. केवळ तेलाच्या पगाराकडे पाहून हा विषय घेऊ नये, असे मला वाटते. २०१४ च्या मध्याला पिंपामागे ११० डॉलरच्या वर असलेले खनिज तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले, तेव्हा कंपन्यांनी आधी कात्री लावली ती नव्या शोधमोहिमांना, म्हणजे नेमक्या याच लोकांच्या कामाला. पाणी, धरणे आणि बोगदे यांची कामे कमी पैशांची असली तरी अशा चढउतारांत ती सहसा थांबत नाहीत.

मूळ प्रश्नाबाबत सांगायचे तर दोन्ही दारांनी आत आलेल्यांना पहिल्याच सत्रात काही ना काही नव्याने शिकावे लागते. भूशास्त्राचा विद्यार्थी लहरींचे घटक वेगळे करणाऱ्या फूरिये रूपांतराच्या गणितापाशी अडतो, आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी शिबिरात खडकापुढे हातोडी घेऊन उभा राहतो, पण तो मुरूम आहे की गेरू, हे शेजाऱ्याला विचारतो.